गोजरबाईचं ठेवलेलं मडकं

गोजरबाईसमोर शास्त्रवचन समजावून सांगायचं, तर आधी सोमवारची तयारी ठेवावी, हे मी माझ्या नवऱ्याला किती वेळा सांगितलं असेल! पण ऐकतो कोण? वामनराव नांदुऱ्याच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. रविवारी चर्चमध्ये बोलून मोकळे व्हायचे. पुढचे सहा दिवस निस्तरायला मी होतेच.

गोजरबाई स्टेशनच्या रस्त्यावर भाजी विकायची. नवरा वारलेला, लेकी सासरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कानावर पडलेला एक शब्द वाया जाऊ द्यायची नाही. बाकीची माणसं उपदेश ऐकायची, आमेन म्हणायची आणि घरी जाऊन जेवायची. मला विचाराल तर तीच शहाणपणाची रीत. हिला ते जमायचं नाही. रविवारी ऐकलं की सोमवारी ते केलंच पाहिजे. एकदा हे म्हणाले, दुसऱ्याचे दोष काढत बसू नका. झालं, बाईनं वांगी निवडायचं सोडलं. किडकी आणि चांगली एकाच ढिगात, आणि गिऱ्हाईक भांडायला माझ्या दारात. एकदा म्हणाले, मारणाऱ्यापुढं दुसरा गाल करा. त्याच आठवड्यात बाजारातल्या मोकाट वळूनं तिच्या कोथिंबिरीत तोंड घातलं, तर हिनं मेथीची जुडीही त्याच्यापुढं सरकवली. वळू त्यानंतर रोज यायला लागला. उपदेश पटला तो त्याला एकट्याला.

"अगं, वाढतेय ती," वामनराव म्हणायचे. "आत्म्यात वाढतेय."

"ती वाढतेय, पण तिचा धंदा बसतोय," मी म्हणायचे. ते हसायचे. मला त्या हसण्याचा भारी राग यायचा.

बरं, बाई गरीब स्वभावाची म्हणावी तर तेही नाही. तोंड असं तिखट की मिरचीनं लाजावं. वचन पाळायचीसुद्धा ती भांडल्यासारखी.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या मंडळीत एक रीत होती. प्रत्येक घरी चुलीपाशी एक देवाचं मडकं असायचं. स्वयंपाकाला ज्वारी काढली की त्यातली एक मूठ आधी त्या मडक्यात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बाया आपापली मडकी डोक्यावर घेऊन यायच्या आणि चर्चमधल्या मेजापाशी ठेवायच्या. प्रार्थना झाली की ते धान्य पाळकाच्या घरी यायचं. म्हणजे माझ्या घरी. माझी चूल त्याच मुठींवर चालायची, हे इथंच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी का चिडले ते कुणाला विचारावं लागणार नाही.

अशाच एका रविवारी, मडकी मेजापाशी मांडलेली असताना, वामनरावांना नेमका तोच उतारा सुचला. वेदीपाशी दान घेऊन आलात आणि आठवलं, की आपल्या भावाचं मन आपल्यामुळे दुखावलेलं आहे, तर दान तिथंच राहू द्या. आधी जाऊन समेट करा, मग येऊन दान द्या. ते बोलत होते आणि गोजरबाई चटईवरून उठली. मला वाटलं, पोटात कळ आली असेल. बाईनं पदर खोचला, सगळ्यांच्या मधून वाट काढली आणि तरातरा बाहेर पडली. मडकं तिथंच. संध्याकाळी कळलं की ती तडक एसटी स्टँडवर गेली आणि संग्रामपूरच्या गाडीत बसली.

संग्रामपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात तिची थोरली बहीण तानाबाई राहायची. शेतीवाडी, गाईगुरं, सगळं ठीक. त्या घरचे देव, सणवार जसेच्या तसे होते. गोजरबाईनं नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तानाबाईनं काही फार मनाला लावून घेतलं नव्हतं. बिनसलं ते आईच्या तेरवीला. वामनरावांच्या आधी जे पाळक होते, त्यांनी नव्या माणसांना बजावलेलं, श्राद्धाचं अन्न तोंडात घालायचं नाही. गोजरबाई तेरवीला गेली, रडली, पंगतीत बसली. तानाबाईनं पहाटेपासून रांधलेलं आपल्या हातानं वाढायला घेतलं, आणि हिनं पत्रावळीवर आडवा हात धरला. साऱ्या सोयऱ्यांपुढं म्हणाली, "हे मले चालत नाई." तानाबाई तशीच वाढणं घेऊन आत गेली. तेव्हापासून बहिणी बोलत नव्हत्या.

तर बाई गेली समेट करायला, आणि दुसऱ्या दिवशी मी चर्च झाडत होते तेव्हा परत आली ती लालबुंद होऊन.

"झाला का समेट?" मी विचारलं.

"कायचा समेट, बाई! थे म्हणे, काऊन आली व? मी म्हटलं, देवानं धाडलं म्हून आली, नाईतं मले काय हौस नाई. मंग थे बोलली. मंग मी बोलली."

आता यात समेट कुठून व्हायचा! मी कपाळाला हात लावला आणि मेजापाशी राहिलेलं तिचं मडकं उचलायला वाकले. तशी ती अंगावरच आली.

"थ्या मडक्याले हात नोका लावू! थे दिलं नाई अजून. नुसतं ठेवलं हाये."

पुढच्या महिन्यात तिनं त्याच्याशेजारी दुसरं मडकं आणून ठेवलं. तेही दिलेलं नाही, ठेवलेलंच. पहिल्यातल्या ज्वारीला सोंडे लागले. ते भिंतीवर चढायला लागले आणि उपदेशाच्या वेळी वामनरावांच्या पुस्तकावरून फिरायला लागले. एवढंच असतं तरी मी सोसलं असतं. पण साथ पसरली. गोजरबाईचं बघून दुसऱ्या बायांनाही आपापली भांडणं आठवली. कुणाची जावेशी अढी, कुणाची शेजारणीशी. मंडळीत इतकी वैरं आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं! मेजापाशी मडक्यांची रांग लागली आणि माझ्या घरात पिठाचा डबा खडखडला. समोर धान्य भरलेलं, आणि मी शेजारणीकडे वाटीभर पीठ मागत फिरत होते. ज्या शेजारणीचं मडकं तिथं अडलेलं, तिच्याचकडे!

"वचन काम करतंय," वामनराव म्हणाले.

"वचन काम करतंय आणि आपण उपाशी बसतोय," मी ओरडले. खरंच ओरडले. "येत्या रविवारी काहीतरी बिनकामाचं घ्या. वंशावळ घ्या! अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. ते ऐकून कुणाला काही करावंसं वाटणार नाही."

त्यांनी माझं ऐकलं, हे नवलच. रविवारी वंशावळ वाचली. निम्मी मंडळी पेंगली. मी मनात देवाचे आभार मानले. पण शेवटी ह्यांना राहवलं नाही. म्हणाले, बघा, यात बायांचीही नावं आहेत, देव कुणाच्या आजीलाही विसरत नाही. मी डोळे मिटून घेतले.

दुपारी गोजरबाई दारात हजर. "बाई, मले माह्या मायच्या मायचं नाव ठाऊक नाई."

"मग?"

"देवाले ठाऊक हाये आन मले नाई, हे बरं हाये का? तानीले ठाऊक असन. थे मोठी हाये, तिनं पाह्यलं होतं बुढीले."

गेली परत. या खेपेला समेटाचा विषयसुद्धा काढला नाही म्हणे. ओट्यावर बसली आणि विचारलं, आपल्या आजीचं नाव काय व?  तानाबाई म्हणाली, "माह्या हातचं चालत नाई, तं आजीचं नाव कायले पाह्यजे?"

एरवी गोजरबाईनं याला चार तिखट शब्द ऐकवले असते. ते तिनं तिथंच गिळले. मला वाटतं, त्या घटकेला ती जेवढी वाढली तेवढी आमच्या साऱ्या उपदेशांनी वाढली नव्हती. म्हणाली, "चुकलं माह्यं, तानी. तेरवीले मी तसं कराले नाई पाह्यजे होतं."

ऐकून तानाबाई काही विरघळली नाही. ती काही गोष्टीतली बहीण नव्हती, हाडामांसाची होती. ती म्हणाली, "तोंडानं कोनीबी म्हणते. तूनं माह्या हातचं लोटलं, थे तुह्या देवाच्या नावानं. मी आता माह्या घरचं घेऊन तुह्या देवाच्या दारात येतो. थो लोटते का, पाहू. त्यानं लोटलं, तं तू मले मेली आन मी तुले."

हे सगळं गोजरबाईनं मला आल्याआल्या सांगितलं.  मी म्हटलं, एवढंच ना, येऊ दे तिला. दान घ्यायला कोण नाही म्हणणार?

मी आमच्या माणसांना ओळखतच नव्हते.

रविवारी उपासना सुरू झाली आणि तानाबाई दारात उभी राहिली. उंच, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. डोक्यावर ज्वारीनं भरलेलं मडकं. शुभ कामाचं धान्य म्हणून तिनं घरच्या रीतीनं मडक्याच्या गळ्याला हळदकुंकवाची बोटं ओढलेली. पुढं गोजरबाई. दोघी मेजापर्यंत आल्या. तानाबाईनं मडकं खाली उतरवलं, पण सोडलं नाही. काठाला हात धरून उभी राहिली.

शंकरराव उठले. हे आमच्या मंडळीचे पंच, कापसाच्या जिनात मुकादम, सज्जन माणूस, पण नियमाला घट्ट.

"पाळकसायेब, हे इथं चालत नाई," ते म्हणाले. "हयदकुक्कू लावेल दान मेजापाशी कसं ठेवाव? मूर्तीपुढचं असन तं?"

चालत नाही. तेच शब्द! गोजरबाईचा चेहरा उतरला. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. दर रविवारी बोलणारा माझा नवरा नेमका तेव्हा गप्प. पुस्तक मिटलं, परत उघडलं, चष्मा पुसला. मंडळीतलं कुणी हललं नाही.  तानाबाई वाकली आणि मडकं उचलायला लागली.

मला जो संताप आला तो मी सांगू शकत नाही. शंकररावांचा आला, ह्यांचा आला, त्या वंशावळीचा आला, त्या सोंड्यांचा आला. आमच्यासारख्यांनीच एकदा गोजरबाईला पत्रावळीवर आडवा हात धरायला शिकवलं होतं, आणि आता सगळी मंडळी मिळून तोच हात धरून बसली होती. मी बायांमधून उठले. पाळकाच्या बायकोनं उपासनेत उठून बोलायची रीत नव्हती. नसू दे.

"चालत नाही म्हणजे?" मी म्हटलं. "मेजाला चालत नसेल तर माझ्या चुलीला चालतं. घरात चिमूटभर पीठ नाही. आणा ते इकडं, तानाबाई."

तिच्या हातातून मडकं घेतलं, कमरेवर ठेवलं आणि निघाले. मी काही साध्वी नाही. मला भूक लागली होती आणि मी चिडले होते, एवढंच. दारातून मागं वळून ह्यांना म्हटलं, "उपदेश चालू द्या. भाकरी झाल्या की सगळे जेवायला या. ज्याला चालत नाही त्यानं येऊ नये."

चर्चच्या मागंच आमचं घर. दोघी माझ्यामागं आल्या. मी ज्वारी सुपात घेऊन पाखडली आणि जात्याकडे बोट दाखवलं. "बसा दोघी. दळा. मला एकटीनं होणार नाही."

समोरासमोर बसल्या. एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकमेकींकडे पाहत नव्हत्या. जातं मात्र जराही अडखळलं नाही. लहानपणी एकाच जात्यावर बसल्या असणार. मी चूल पेटवली, ठेचा वाटला आणि पीठ पडेल तसं थापायला घेतलं.

पहिली भाकरी तव्यावर फुगली. मी ती ताटलीत घालून दोघींच्या मधोमध ठेवली. कुणीच हात लावेना. मग तानाबाईनं ताटली उचलली आणि गोजरबाईपुढं धरली, तेरवीला वाढणं धरलं असेल तशीच. तिचा हात अगदी स्थिर होता, पण ओठ घट्ट मिटलेले.

गोजरबाईनं घास तोडला. ठेचासुद्धा लावला नाही, कोराच तोंडात घातला आणि चावायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. तानाबाई तिच्या गळ्याकडे बघत होती.

"गियलं का?" तिनं विचारलं.

गोजरबाईनं मान हलवली.

तानाबाईनं ताटली खाली ठेवली. स्वतःसाठी त्याच भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तो हातात तसाच धरून म्हणाली, "ठकूबाई. ठकूबाई नाव होतं व आजीचं."