आयच्या वजनाची होडी

मामा मामीला घेऊन युरोपच्या टूरवर गेलेला, तो परत आला व्हेनिस डोक्यात घेऊनच. बाळकुमला खाडीच्या काठावर त्याचं लग्नाचं लॉन आहे. आमच्याकडे लॉनांची नुसती रांग लागलीय, त्यामुळे दर सीझनला काहीतरी नवीन खूळ लागतं. एकाकडे नवरा-नवरी क्रेनमधून उतरतात, दुसऱ्याकडे धुरातून प्रकट होतात. "आपल्याकडे पाण्यातून येणार, गोंडोल्यातून!" मामा म्हणाला आणि मोबाइल बाबांच्या हातात दिला. दोनशे फोटो होते, त्यातल्या दीडशेंमध्ये होडीपेक्षा मामीच जास्त.

माझे बाबा होड्या बांधायचे. एकेकाळी आमच्या खाडीत पाहाल तिकडे त्यांच्या हातची होडी दिसायची. मग फायबर आलं, मासळी आटली, काठावर टॉवर उभे राहिले आणि बाबांचं काम सुटलं ते सुटलंच. त्यात दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून एक डोळा मिटायचे आणि समोरच्या सोसायटीची भिंत सरळ आहे का बघत राहायचे. मामाचं काम त्यांनी तिथल्या तिथे घेतलं. आयने विचारलं, "झेपंल का?" तर म्हणाले, "डोळा ऱ्हायलाय का गेलाय, ते तरी कळंल मना." ते हसत नव्हते.

नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मी डोंबिवलीला एका कारखान्यात ड्रॉइंगला आहे, सासरही तिथलंच. गोंडोल्याचा मापांसकट नकाशा मी नेटवरून शोधून काढला आणि त्या नादात बरंच काही वाचून काढलं. पूर्वी म्हणे तिथले श्रीमंत आपापल्या होड्या इतक्या मढवायचे की शेवटी सरकारने कायदाच केला, सगळ्या होड्या काळ्या. एका होडीला आठ जातींचं लाकूड. पुढच्या लोखंडी फण्याला सहा दात, ते म्हणजे शहराच्या सहा पेठा. फळी वाकवायला एका बाजूने पाणी मारतात आणि दुसऱ्या बाजूने बोरूचं गवत पेटवून शेक देतात. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग आपन येगलं काय करतो? आपला पेंढा, त्यांचा बोरू." कोण कुठला तो व्हेनिसचा सुतार, पण त्या दिवसापासून बाबा त्याच्याबद्दल शेजाऱ्यासारखे बोलायला लागले.

आता माझी करामत. नकाशात होडीची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली वीतभर फुगीर दिसत होती. मला वाटलं, स्कॅन करताना कागद ओढला गेला असणार. आमच्या ऑफिसात एक सवय आहे. वस्तूचा अर्धा भाग काढायचा आणि मिरर मारायचा, दुसरा अर्धा आपोआप तयार. वेळ वाचतो आणि चूक होत नाही. मी उजवी बाजू घेतली, मिरर मारला आणि अगदी सुबक, दोन्हीकडून सारखी होडी छापून बाबांना नेऊन दिली. स्वतःवर काय खूश होते मी!

बाबा फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते. "ही उजवीकडं कललीय गो," ते म्हणाले.

"फोटो तिरका काढलाय मामाने. त्याला कधी सरळ काढता आलाय?"

"सगलेच तिरके?"

"बाबा, मी हेच काम करते रोज. कागदावर विश्वास ठेवा."

त्यांनी ठेवला. पोरगी शिकलेली, आपले डोळे ऑपरेशनचे, म्हणून गप्प बसले. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटतात.

काम मात्र बघण्यासारखं झालं. मी दर रविवारी जायचे. बरगड्यांसाठी त्यांनी मुळातच वाकलेल्या बाभळी शोधून आणल्या. आय फळ्यांवर ओली गोणपाटं टाकायची, बाबा खालून पेंढ्याचा जाळ द्यायचे आणि फळी हळूहळू ऐकायला लागायची. फटींत कापूस ठोकून वरून राळ भरली. वल्हं टेकवायचा तो वाकडातिकडा खुंट त्यांनी शिसवातून कोरला. पुढे जायला एक खाच, थांबायला दुसरी, मागे यायला तिसरी. "डोकं हाय हां त्या मानसाला," बाबा म्हणाले. काळा रंग बघून शेजारची काकू कुजबुजली, लग्नाच्या कामाला काळं कसं चालेल? आय फटकन म्हणाली, "आख्खी होडीच तीट हाय. कोनाची नजर लागनार?"

पाण्यात सोडायच्या दिवशी भरतीला अर्धं बाळकुम काठावर. नारळ फुटला. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मागच्या टोकावर डाव्या अंगाला उभे राहिले आणि उजवीकडे एकच लांब वल्हं टाकून मारायला लागले. होडी डावीकडे वळली. पुन्हा मारलं, पुन्हा डावीकडे. काकांनी घाम गाळला, शिव्या घातल्या, पण होडी आपली गोल गोल फिरतेय. काठावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, जत्रेतला पाळणा केला काय रे!" आणि सगळे फिदीफिदी हसले. मामासुद्धा तोंड फिरवून हसला. बाबांनी घरी जाऊन लाकूड तासायच्या वाकसाला तेल लावलं, तो गोणपाटात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. "डोळा गेला," एवढंच म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे ते खाडीकडे फिरकले नाहीत. ओट्यावर बसायचे, पण भिंतीकडेही बघायचे नाहीत. अर्धी भाकरी खायची आणि ताट सरकवायचं. मी फोन केला की आय म्हणायची, "हाय तसंच हाय." मला राग यायचा. मामाचा, हसणाऱ्यांचा आणि सगळ्यात जास्त त्या व्हेनिसवाल्यांचा.

शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मूळ नकाशा उघडला, म्हटलं बघू तरी त्यांनी काय घोळ घातलाय. खालचा बारीक मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला. गोंडोल्याला एकच वल्हं असतं, तेही उजवीकडे. त्याच्या रेट्याने होडी डावीकडे वळायला बघते. म्हणून बांधणारा मुद्दाम डावी बाजू फुगीर ठेवतो. रिकामी होडी उजवीकडे कलते, वल्हवणारा डाव्या अंगाला उभा राहिला की सरळ होते आणि मग सरळच जाते. पूर्वी तर ज्या माणसाची होडी, त्याच्या वजनाप्रमाणे हा वाकडेपणा ठरवायचे. डबा तसाच राहिला. कागद ओढला गेला नव्हता, स्कॅन बरोबर होता, फोटोही सरळ होते. वाकडी होते ती मी.

खरं सांगते, एक क्षण वाटलं, नकाशाच चुकीचा मिळाला म्हणून सांगून टाकावं. कोणाला कळणार होतं? पण बाबांचं ते सरकवलेलं ताट डोळ्यांसमोर आलं. अर्धी रजा टाकली आणि थेट बाळकुम गाठलं.

ओट्यावरच बाबांना सगळं सांगितलं.

"म्हंजे कललेली व्हती ती?"

"होती."

"मना दिसलं ते बरोबर व्हतं?"

"बरोबर होतं बाबा. चूक माझी. तुमचा डोळा शाबूत आहे." आणि मला रडूच फुटलं.

त्यांनी आयला हाक मारली. "ये गो, हिला परत सांगू दे." मी परत सांगितलं. मग मामाला फोन लावायला लावला, स्पीकरवर. मग काकांना. चौथ्यांदा सांगताना मी चिडले, "आता काय माइकवर बोलू?" तेव्हा कुठे बाबा हसले आणि माळ्यावरून गोणपाट काढा म्हणाले.

पण वजन कोणाचं धरायचं? काकांनी कानाला हात लावले, पुन्हा तमाशा नको. आय भांडी घासता घासता म्हणाली, "मी हाय की." लग्नाच्या आधी ती मासळीची पाटी घेऊन एकटी होडी मारत खाडीपार जायची, आणि बाबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेही होडीतच, हे मला त्या दिवशी कळलं. "काट्यावर चढशील का मग?" मी विचारलं. आय लाजली. बाबा म्हणाले, "काटा कशाला? मना ठाव हाय."

महिनाभर लागला. डावीकडच्या फळ्या उचकटल्या, नव्या रुंद बरगड्या घातल्या, पुन्हा पेंढा, पुन्हा गोणपाटं. या वेळी माझा नकाशा बाबांनी ओट्यावर पसरून त्यावर वाल सोलले. होडी पाण्यात गेली तेव्हा ठार वाकडी दिसत होती. लोक हसायला तयारच उभे होते. आय लुगडं खोचून मागे उभी राहिली आणि होडी तिच्या पायाखाली सावरली. आयने वल्हं मारलं. होडी सरळ निघाली, पलीकडच्या तिवरांच्या झाडीच्या दिशेने, जराही न वळता. कोणी हसलं नाही. मामा टाळ्या पिटत ओरडला, "जमलं रे जमलं! माझ्या सगळ्या नवऱ्या माझी बहीणच आणणार!"

बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी एक डोळा मिटला. "तसूभर कललीय अजून," ते म्हणाले. "उजवीकडं."

मला काही दिसलं नाही. मामालाही नाही. "तेवढं तासून टाका मग," मामा म्हणाला.

"होडी बरोबर हाय," बाबा म्हणाले आणि आय काठाला लागल्यावर तिच्याकडे बघत राहिले. "तू बारीक झालीस काय गो?"

आयने वल्हं आत ओढलं. "तू ताट सरकवत व्हतास," ती म्हणाली, "मंग मी काय गिलत व्हती?"

त्या दुपारी बाबांनी आयला आपल्या आधी जेवायला बसवलं आणि तिच्या ताटात स्वतः भात वाढला. असं मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. तिने पुरे म्हणून हात आडवा धरला. त्यांनी तो बाजूला केला.

"घे अजून," ते म्हणाले. "होडी कललीय."