गच्चीवरची तार

टेलरकाकू छप्पन्नाव्या वर्षी हौशी वायरलेसची परीक्षा पास झाल्या. ही बातमी त्यांच्या जाऊबाईंनी इमारतभर अशा चेहऱ्याने पोचवली, की निम्म्या लोकांना वाटलं, काकूंना काही दुखणंच जडलंय.

"हौस म्हणे! परक्या पुरुषांशी तासन् तास गप्पा!"

"परके कसले?" तोंडातली टाचणी न काढता काकू म्हणाल्या. "एकाचा गुडघा दुखतो, एकाच्या सुनेला जुळी झाली. भावजींबद्दल तरी तुला एवढं ठाऊक आहे का?"

जाऊबाई आठवडाभर फिरकल्या नाहीत. काकूंचे तेवढेच चार ब्लाउज जास्त शिवून झाले.

मग काकूंनी गच्चीवर, टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत, तांब्याची तार ताणली. ती उतरली की वायरलेसचा सेट म्हणजे नुसता खोका. आणि नेमकी तीच तिसऱ्या मजल्यावरच्या, सोसायटीच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत खुपली. त्यांच्या टीव्हीवर रेघा येत होत्या. फर्मान सुटलं: रविवारी सभा, तार उतरवायची.

"मी कधी बोलते ते वहीत मिनिटासकट लिहिते," काकू म्हणाल्या. "तुम्हीही रेघांच्या वेळा लिहा. जुळल्या, तर माझ्याच कात्रीने कापते."

अध्यक्षांनी जेवणाचं ताट बाजूला सारून नोंदी केल्या. रविवारी खणखणीत आवाजात सगळ्या एकोणीस नोंदी वाचून दाखवल्या. काकूंनी वही उघडली. आख्खा आठवडा कोरा. गुडघेवाल्याचं ऑपरेशन असूनही त्यांनी सेटवरचं बोलायचं बटण दाबलं नव्हतं. जीव किती तळमळला असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"वही तुमची, लिहिणार तुम्ही!" अध्यक्ष उसळले. "कोण विश्वास ठेवणार?"

काकूंनी पिशवीतून सेटच काढून टेबलावर आदळला. "हा इथे. वर तारेला काहीच जोडलेलं नाही. आता ऐका." त्यांनी सेलवरचा छोटा रेडिओ लावला. कर्रर्र! काकू जिन्याला लागल्या, सभा त्यांच्या मागे. पहिल्या मजल्यावर करकर, दुसऱ्यावर खरखर, तिसऱ्यावर कानठळ्या. रेडिओ अध्यक्षांच्या दारातून आत गेला आणि माशांच्या काचपेटीपाशी किंचाळला. पाणी कोमट ठेवणारी तिची कांडी आत ठिणग्या टाकत होती. काकूंनी प्लग उपटला. रेडिओ गप्प, टीव्ही स्वच्छ.

"अहो, मासे गारठतील!"

"मग नवी कांडी आणा, नाहीतर रेघा सोसा."

"तरीपण," अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले, "तार काही शोभत नाही. ठराव मांडलाय, तर तो—"

"करा की मंजूर! सेक्रेटरी, लिहून घ्या. तार उतरवण्याचं कारण: मासे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. जाऊबाईच होत्या, पण त्यांनी ते आजवर कबूल केलेलं नाही. सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं.

काकू तशाच गच्चीवर गेल्या आणि एका टोकाला थोडी सैल पडलेली तार पीळ देऊन घट्ट केली.