सल्फाचा कोर्स

१९७१ च्या मे महिन्यात मी आणि शिपाई महादू एकाच वेळी रजेवर गावी आलो. मी नाईक होतो; महादू माझ्याच सेक्शनचा. आमची वस्ती वडूजपासून तीन मैलांवर. निघण्याआधी महादूला जुलाब लागले, म्हणून युनिटच्या डॉक्टरसाहेबांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. वर बजावलं, "कोर्स पूरा करना. ऑर्डर है."

गावी पोचल्यावर तिसऱ्या सकाळी त्याची आई धावत आली.

"शंकर, चल लवकर! म्हादूला देवी आल्यात!"

त्यांच्या दारात कडुलिंब टांगला होता. महादूच्या अंगभर लालभडक चट्टे, ओठ सुजलेले, आवाज बसलेला. एका हातात पाण्याचा मग, दुसऱ्या हातात गोळी.

"जुलाब थांबलं न्हवं?"

"कवाच."

"चट्टे कवा आलं?"

"गोळ्या चालू झाल्यावर. काल लय वाढलं. पन कोर्स पुरा करायचा हाय."

युनिटमध्ये एका जवानाला गोळ्यांनी असंच झालेलं मी पाहिलं होतं. "कोर्स बंद! ही माझी ऑर्डर."

"डॉक्टरसाब कॅप्टन हायत. तुमी नाईक."

"सावधान!" मी ओरडलो. महादू पडल्या पडल्या ताठ झाला. मी गोळी हिसकावून चुलीत टाकली.

त्याला उचलून डांबरी रस्त्यावर नेलं आणि साताऱ्याला निघालेला कांद्याचा ट्रक मी आडवा जाऊन थांबवला. ड्रायव्हरने पेशंट पाहिला आणि हात जोडले.

"देवी? न्हाई रं गड्या, घरी बारकी पोरं हायत."

"देवी न्हाई, औषध बाधलंय! जवान हाय. श्वास अडकतोय त्याचा!"

"चढा मग! घट्ट धरा!"

हॉर्नवरचा हात त्याने काढलाच नाही. पुसेगावपर्यंत महादू बोलत होता. कोरेगावला नुसती मान हलवू लागला. साताऱ्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. दुपारी त्याचा श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, "यापुढे सल्फा कधीच नाही."

महादूने माझ्याकडे पाहिलं. "नाईक, रजा वाढून मिळंल का?"

ट्रक ड्रायव्हर अजून दारातच उभा होता. तो सगळ्यांत मोठ्याने हसला.

डिसेंबरात आम्ही पश्चिम सीमेवर होतो. तोफेच्या गोळ्याचा तुकडा महादूच्या पोटात घुसला. मी वायरलेसवर बोलत होतो, "वन कॅज्युअल्टी. सीरियस. ओव्हर." नर्सिंग असिस्टंटने जखमेवर टाकायला सल्फा पावडरचं पाकीट फाडलं. महादूने त्याचं मनगट धरलं.

"सल्फा न्हाई. नाईकाची ऑर्डर हाय."

ॲम्ब्युलन्स येण्याआधी तो गेला.

शिपाई महादू. ती ऑर्डर त्याने शेवटपर्यंत पाळली.