एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

सात बायका वाती वळायला बसल्या की कापूस कमी होत जातो आणि किस्से वाढत जातात. आमच्या कर्जतच्या ओसरीवर तर किश्श्यांचीच टोपली आधी भरायची!

त्याचं असं झालं, शेजारच्या वत्सलाबाईंचा दत्तू फौजेत होता. लढाई सुरू झाली तशी त्या महादेवाला बोलून बसल्या, "लेक सुखरूप येऊ दे, धा लाख वाती लावीन!"

एकटीचं काम नव्हे, म्हणून आम्ही सहा जणी त्यांच्यासोबत बसलो. माझी जाऊ कुसुम मॅट्रिक झालेली. तिने भागाकार केला. प्रत्येकीला १,४२,८५७!

"एवढं कोन ध्यानात ठेवनार?" कौसल्यामावशी वैतागल्या.

"सोपं आहे मावशी. चौदा, दुप्पट अठ्ठावीस, त्याच्या दुप्पट सत्तावन्न."

"छप्पन्न की गं!"

"एक जास्त झाली म्हणून महादेव रागावणार आहे का?"

*

एकदा कुसुमने फरशीवर खडूने दोघींच्या वाती मांडल्या. २,८५,७१४. मग तिघींच्या. ४,२८,५७१.

मावशींनी डोळे बारीक केले. "तेच आकडे हिकडचे तिकडं करून फसवतीस व्हय गं?"

चौघींच्या मांडल्या, पाच जणींच्या, सहा जणींच्या. तेच सहा आकडे, एकामागे एक त्याच क्रमाने! मी म्हटलं, "ह्यांनी फेर धरलाय हो. फक्त गाणं उचलणारी बदलते."

मावशींनी उठून आकड्यांना हळदीकुंकूच वाहिलं!

*

संध्याकाळी कुसुमचे मालक, म्हणजे माझे दीर, घरी आले. हळदीकुंकू वाहिलेला आकडा पाहून हळूच मला म्हणाले, "वहिनी, मटक्याचा का? ओपन सांगा, क्लोज मी बघतो!"

मावशी अजून ओसरीवरच होत्या. "मेल्या, देवाचा आकडा हाय! लावलास तर ह्या घरात भाकर मिळायची न्हाई!"

*

"आन् सातीजनींच्या मिळून किती?" एक दिवस वत्सलाबाईंनी विचारलं.

आम्हाला वाटलं, पुन्हा तोच फेर. निघाले ९,९९,९९९! सगळे नऊ! आम्ही टाळ्या पिटल्या. वत्सलाबाई मात्र हिरमुसल्या.

"म्हंजी धा लाखाला एक कमी?"

"मी वळते!" "मी!" "मावशींचा हात लागू दे!" भांडणच लागलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ती माजा दत्तू वळंल."

लढाई संपली होती, पण दत्तूचं पत्र नव्हतं. वत्सलाबाईंनी कापसाचा एक पुंजका आमच्या देव्हाऱ्यात ठेवला.

*

वाती होत आल्या होत्या. भर दुपारी डोक्यावर ट्रंक घेऊन दत्तू थेट ओसरीसमोर! आम्ही सगळ्या धडपडत उठलो. वत्सलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आदी हात धू. बस हितं."

बिचारा बसला. मी देव्हाऱ्यातला पुंजका आणून दिला. त्याने मांडीवर घासून घासून एकदाची वात वळली. मावशींनी ती उचलून उजेडात धरली.

"आरं, ही वात हाय का बैलाचा कासरा?"

वत्सलाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून पदरात घेतली.

"राहू द्या मावशी. लवकर इझायची न्हाई."