दक्षिणेचा उतार

दाजींचा फोन आला तेव्हा मी पॉलिहाऊसमध्ये फाटलेल्या प्लॅस्टिकखाली उभी होते. "शकू, सुमन गेली गं," एवढंच ते बोलू शकले... दीड महिना झाला. ताईशी शेवटचं बोलताना मी खोटं बोलले, ते अजून खुपतं.

सुमनताई माझी थोरली बहीण. देवळाली कॅम्पच्या शाळेत तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं. मी नामपूरजवळ शेती करते. आमच्याकडे थंडी कडक. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझी ढोबळी मिरचीची रोपं पॉलिहाऊसमध्येही आखडून बसली होती. ताई बघायला आली आणि गोल छपराखाली बराच वेळ उभी राहिली. "हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, खालून जातो. तुझ्या छपरावरून बरंचसं ऊन नुसतं घसरून जातंय," ती म्हणाली. मग तिनं गच्चीवर पुठ्ठ्याची दोन छोटी घरं केली, वर प्लॅस्टिक ताणलं. एकाचं छप्पर गोल, दुसऱ्याचं दक्षिणेकडे मोठं आणि चांगलं तिरकं. दोन्हींत थर्मामीटर. तिरकं घर सकाळी लवकर तापायचं. तरी तिच्या जिवाला चैन नव्हतं. "पुठ्ठ्याच्या भरवशावर तुझं अख्खं पीक पणाला लावतेय मी..."

सांगाडा उभारणाऱ्या कौतिकदादांनी मान हलवली. "म्याडम, येवढं तिरकं छप्पर वारं धरंल." ताईचा चेहरा उतरला. मीच हट्टानं उभारून घेतलं. गेल्या हिवाळ्यात तिचा रोज सकाळी फोन यायचा, "आत किती?" आत ऊब असायची, रोपं तरारली होती. पण पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि वारा?"

मार्चमध्ये तिचं यकृताचं दुखणं बळावलं, गंगापूर रोडला दवाखान्यात ठेवलं. त्याच आठवड्यात अवकाळी वादळ आलं आणि दक्षिणेचा उतार निम्मा फाटला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. आवाज खोल गेलेला. "छप्पर?"

"मस्त आहे."

"मग फडफडतंय काय?"

"साडी वाळत घातलीय गं..."

"बरं," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्यानंतर दाजींनी तिच्या पर्समधलं वहीचं एक पान माझ्या हातात ठेवलं. माझ्या छपराचं चित्र. मोठ्या उताराखाली लाल पेनानं दोन आडवे पाईप वाढवलेले. शेजारी लिहिलेलं, 'फाटलं तर हे करावं. शकूला आत्ता सांगू नये, घाबरेल.' म्हणजे तीही माझ्यापासून लपवतच होती.

कौतिकदादांनी पाईप जोडले, नवं प्लॅस्टिक चढवलं. गेल्या आठवड्यात पुन्हा वारा सुटला. मी आत पाईप धरून उभी राहिले. छप्पर थरथरलं, पण टिकलं.

आता मे आहे. सूर्य थेट डोक्यावर, उतार असो नसो सारखंच. आता आतला उकाडा बाहेर कसा काढायचा हा घोर. परवा सहज ते पान उलटून पाहिलं. मागे बारीक अक्षरात तिनं उन्हाळ्याचीही काळजी करून ठेवली होती. 'उत्तरेचा वरचा पडदा अकराच्या आत उघडावा.'

आज मी साडेदहालाच उघडून आले.