दारावरचं नाव

नगराध्यक्षांचं घराणं पेंटरांचं. आजोबांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, वडिलांनी नगरपालिकेच्या. स्वतः नगराध्यक्ष तरुणपणी निवडणुकीच्या भिंती रंगवायचे, त्याही सगळ्याच पक्षांच्या. इतक्या लोकांची आश्वासनं स्वतःच्या हातानं लिहिल्यावर त्यांना वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. आणि जमलंही.

आधी ते नगरसेवक झाले. लोकसेवेत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. बाकं, बसथांबे, कचराकुंड्या, जिथे जागा सापडली तिथे स्वतःचं नाव घातलं. सार्वजनिक शौचालयावर तर ते इतकं ठसठशीत होतं, की 'पुरुष' कुठे आणि 'स्त्रिया' कुठे हे शोधेपर्यंत माणूस मेटाकुटीला यायचा.

पुढे नगराध्यक्ष झाल्यावर दालनाच्या दारावर नाव लिहायला वडील स्वतः डबा आणि ब्रश घेऊन आले. म्हातारपणातही त्यांचा हात स्थिर होता. ते पाहून नगराध्यक्षांना भरून आलं. फोटोग्राफर त्यांनी आधीच बोलावून ठेवला होता. पण शेवटी पेंटरचेच चिरंजीव, त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही. जुनं नाव खरवडून झाल्यावर वडिलांनी थेट रंगातच ब्रश बुडवला होता.

"आबा, खाली अस्तर नको का मारायला? अशानं रंग टिकायचा नाही."

"ठाऊक आहे," अक्षरावरची नजर न हलवता आबा म्हणाले. "या दारावर मी कधीच अस्तर मारत नाही. पुढच्या निवडणुकीनंतर खरवडायचं मलाच असतं."