उजव्या कडेने

शिवरामने तेहतीस वर्षं रेल्वेत गँगमनचं काम केलं. रुळांवर चालताना येणाऱ्या गाडीकडे तोंड ठेवायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. ठाकुर्लीतल्या त्यांच्या गल्लीत फुटपाथवर स्कूटर आणि दुकानांचे फ्रिज आले आणि माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्याने बायकोलाही तेच शिकवलं.

"उजव्या कडेनं जात जा. समोरून येणारी गाडी दिसते. दिसली की बाजूला होता येतं."

"मी काय तुमच्या गँगमध्ये आहे का?" जाईबाई म्हणाली, पण ऐकलं तिने.

पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती विहारात निघाली. पुढचा वळसा चुकवायला एक स्कूटरवाला चुकीच्या बाजूने घुसला आणि त्याने तिला मागून उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. यापुढे ती पायावर उभी राहील असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी बाहेर बोलावून शिवरामला सांगितलं.

तो आत येऊन खाटेशी बसला.

"अहो, मी तुम्ही सांगितलेल्या बाजूनंच चालले होते," ती म्हणाली. तिने हलगर्जीपणा केला असं त्याला वाटू नये, एवढीच तिची काळजी होती.

शिवरामने मान हलवली. तिच्याकडे बघणं मात्र त्याला जमलं नाही.